तुझ्या बाजूची कडी

रविवार, दुपार

प्रिय पडदेवाली,

फोनवर तू दर वेळी "काय नवीन?" म्हणून विचारतेस आणि मी दर वेळी "काही नाही गं, चाललंय" म्हणते. आज म्हटलं, जे फोनवर निघत नाही ते कागदावर काढून बघावं. फोनवर तुझ्या मागे नातीचा टीव्ही चालू असतो, माझ्या मागे आमचे हे "आता पुरे" अशा चेहऱ्याने चष्मा शोधत फिरत असतात, आणि आपल्या दोघींना हळू बोलायची सवयच नाही. इतकी वर्षं भिंतीतून बोलून आवाज चढलेत ते चढलेतच. तेव्हा आता निवांत बस, चहा घे, आणि सूनबाईंच्या हाती पडायच्या आत हे वाचून टाक. तिच्याबद्दल वाईट काही लिहिलेलं नाही. चांगलंही नाही.

हवा बदलली आहे. दुपारी तारेवरचे कपडे एकदम एका बाजूला होतात आणि मग काही झालंच नाही असे सरळ लोंबत राहतात. हे सुरू झालं की तू म्हणायचीस, "मास्तरीण, पेन्सिल काढ." वादळांचे दिवस तोंडावर आलेत आणि विम्याची पाहणी करायची आहे. कंपनीचं पत्र आलं, तपासणीस येऊन गेली, आणि या वर्षी त्यांनी आम्हाला एक अट घातली आहे. ती आपल्या खिडकीबद्दल आहे. ती पाळली नाही तर वादळाचं संरक्षण पॉलिसीतून जाणार, आणि वादळाचं संरक्षण नसलेला विमा आपल्या गल्लीत काय कामाचा? पण त्याकडे मी सावकाश येते. आधीच सगळं सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, सरळ फोन उचलशील, आणि मग मी पुन्हा "काही नाही गं" म्हणेन.

काल शाळेत प्रयोगशाळेची कपाटं लावताना नव्या शिक्षिकेला आपली गंमत सांगितली. सगळं जग आपापल्या घराच्या विम्याचं आपापलं बघतं, आम्ही दोघी एकमेकींचं बघायचो, म्हटलं. तिला वाटलं मी थट्टा करतेय. पहिल्या वर्षी काय झालं होतं आठवतं? दोघींनी आपापले कागद भरले, एका चहात काम संपलं, सगळीकडे "ठीक", "ठीक". मग तू कात्री मागायला आलीस, मान वर केलीस आणि म्हणालीस, "अगं, तुझ्या न्हाणीघरावरचा वासा काळा पडलाय, तो लिहिलास का?" मी रोज त्याच वाशाखाली आंघोळ करत होते, मला दिसला नव्हता. मी चिडून तुझ्याकडे आले आणि तुझं मागचं दार एकाच स्क्रूवर लटकतंय हे तुला दाखवून दिलं. तू ते दार रोज उचलून लावायचीस आणि तुला वाटायचं, दारं अशीच लावतात. तेव्हा ठरलं, आपलं घर आपल्याला दिसत नाही. शेजारणीला दिसतं.

मग त्याचे नियम झाले. जिचं घर तिने बाहेर पायरीवर बसायचं. आत यायचं नाही, कारण आत आली की वाद घालते. दुसरीने पेन्सिल कानावर ठेवून खोलीखोलीतून फिरायचं आणि आतून ओरडून विचारायचं. "हे कपाट कधीचं?" "लग्नातलं!" "खोटं बोलू नकोस, याच्या पाठीला अजून दुकानाची चिठ्ठी आहे." तुझ्या बांगड्या मला डाळीच्या डब्यात सापडल्या तेव्हा मी कपाळाला हात लावला होता, आणि तू पायरीवरून म्हणालीस, चोर कुठे डाळ निवडत बसतोय. माझ्याकडे तू ह्यांची सिगारेटची पाकिटं शोधून काढलीस, बुटांच्या खोक्यात, आणि "घरात ज्वालाग्राही माल आहे!" म्हणून अख्ख्या गल्लीला ऐकवलंस. ह्यांनी सिगारेट सोडली ती त्या दिवसापासून. ते अजून म्हणतात डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. मी कानाडोळा करते.

आणि आपल्या दोन स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंतीतली ती खिडकी. तपासणीस मुलीने मला विचारलं, हे भोक कधी पाडलं. भोक म्हणाली ती. मी तिला सगळं सांगितलं नाही, सांगून तिला काय कळणार? माझा पाय प्लास्टरमध्ये होता आणि तू दिवसातून दहादा ताट घेऊन अंगणातून वळसा घालून यायचीस, ऊन असो वारा असो. शेवटी तुझ्या नवऱ्याने वैतागून छिन्नी उचलली. तो बोलणारा माणूस नव्हता. ताट आडवं जाईल एवढ्या विटा काढल्या, कडा गुळगुळीत केल्या, पलीकडून माझ्याकडे बघून म्हणाला, "आता हिला घरात ठेवा जरा." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात मोठं वाक्य ते. दुसऱ्या दिवशी तू दोन्ही बाजूंना पडदे शिवून लावलेस, तुझ्याकडे निळा, माझ्याकडे पिवळा. पडदा बाजूला असला की बोलायचं. पडदा ओढलेला असला की घरी पाहुणे आहेत किंवा भांडण आहे. तो गेला त्यानंतर तू महिनाभर पडदा ओढून घेतला होतास. मी रोज सकाळी कप ठेवायचे, संध्याकाळी रिकामा उचलायचे. त्या महिन्यात आपण एक शब्द बोललो नाही, आणि तरी मला वाटत नाही की आपण बोललो नाही.

आता गेल्या उन्हाळ्याचं. हे आपण कधी बोललोच नाही, तू निघालीस तेव्हा सामानाचीच घाई होती. गेल्या वर्षी तुझं घर बघताना मी जरा जास्तच मनावर घेतलं होतं, कारण आदल्या मोसमात खालच्या आळीतली दोन छपरं गेली होती. तू पायरीवर बसून बटणं लावत होतीस. मी आतून ओरडले, "ही शिवणयंत्रं आणि कापडाचे तागे कशात धरलेस?" तू म्हणालीस, घरातच आहेत की, घरसामानात. मी बाहेर आले, पॉलिसी तुझ्या मांडीवर ठेवली, बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. धंद्याचा माल घरगुती विम्यात येत नाही, त्याला जोड घ्यावी लागते. तू म्हणालीस, "कशाला खर्च? माझे पडदे कोण नेतंय?" मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. मग तू जोड घेतलीस. छप्परही आजच्या भावाने धरायला लावलं मी, तुझ्या नवऱ्याच्या काळातल्या भावाने नाही. तू कुरकुरत सही केलीस आणि म्हणालीस, मास्तरीण, तू लोकांना फार छळतेस.

आणि मग ते वादळ. भर दुपारी अंधारलं आणि तू खिडकीतूनच म्हणालीस, "येते गं तुझ्याकडे, मला आज बरं वाटत नाहीये." अंगणातून धावत आलीस. आपण दोघी माझ्या जेवणाच्या टेबलाखाली बसलो होतो, तू माझं मनगट धरलं होतंस, आणि पलीकडे तुझं घर उघडत होतं. पत्रे निघताना जो आवाज होतो तो मला आता स्वयंपाकघरात पातेल्याचं झाकण पडलं तरी ऐकू येतो. एकाच आढ्याखालची दोन घरं, तुझी बाजू गेली, माझी राहिली. का, ते कुणालाच सांगता येत नाही. वारा पडल्यावर आपण तुझ्या दारात उभ्या राहिलो, वर आभाळ दिसत होतं, आणि तू पहिलं वाक्य बोललीस ते, "पडदे भिजले." मग आपण हसत सुटलो. मग तू रडलीस. मी नाही रडले, मला तुझे तागे उचलायचे होते.

भरपाई आली ती पूर्ण आली. छप्पर, सामान, यंत्रं, तागे, सगळं. कंपनीचा माणूस म्हणाला, इतकी चोख पॉलिसी क्वचित बघायला मिळते. माझी छाती फुगली गं. मी ह्यांना दोनदा ऐकवलं. मग तुझा मुलगा आला, शांतपणे बसला, आणि म्हणाला, एवढ्या पैशांत त्याच्या शेजारचा फ्लॅट येतो, वरच्या मजल्यावर, पक्कं छत, नात जवळ, वादळाची भीती नाही. त्याचं काय चुकलं? काहीच नाही. मीही तेच म्हणाले असते. मीच म्हणाले, तू विचारलंस तेव्हा. "जा," म्हणाले, "इथे ताडपत्रीखाली काय राहणार आहेस?" आणि तू गेलीस. गाडी वळली, आणि मी घरात येऊन सवयीने दोन कप काढले.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, तुला सांगते. कधीकधी भांडी घासताना मनात येतं, भरपाई अर्धीमुर्धी आली असती तर? तू पत्रे घालून घेतले असतेस, सहा महिने मला शिव्या दिल्या असत्यास आणि इथेच राहिली असतीस. तुझं घर मी इतकं डोळ्यांत तेल घालून बघितलं की तुला ते सोडून जाता आलं. असं मनात आलं की मी नळ जोरात सोडते. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करेन, पुन्हा दोन दिवस अबोला धरेन. पण मला तुझी फार आठवण येते. नुसती येते असं नाही, ती घरातच असते, आणि तिच्या बाजूने वळसा घालून मला कामं करावी लागतात.

या वर्षी माझं घर बघायला कुणी नव्हतं. ह्यांना म्हटलं, तुम्ही बघा, मी पायरीवर बसते. आमच्या ह्यांनी आयुष्यभर बस चालवली, त्यांनी घराची तपासणी बससारखीच केली. दारं उघडतात, लागतात. दिवे लागतात. पाणी गळत नाही. "सगळं आहे तसंच," म्हणाले आणि पंख्याखाली बसले. मग मी एकटीच फिरले, कानावर पेन्सिल ठेवून. प्रत्येक खोलीत उभी राहिले. मला काहीच दिसलं नाही. म्हणजे कपाट दिसलं, पलंग दिसला, पण त्यांच्यात बघण्यासारखं काय ते दिसेना. बाहेर येऊन पायरीवर बसले आणि वाट बघत राहिले, आतून कुणी ओरडेल म्हणून. शेवटी हे म्हणाले, उन्हात काय बसलीयेस.

मग कंपनीने ती मुलगी पाठवली. हुशार आहे, शिडीवर सरसर चढते. तुझ्या घराची चावी माझ्याकडे खिळ्यावर आहे, मी उघडून दिलं. तिने ताडपत्री बघितली, आढं बघितलं, भिंतीला हात लावला. माझ्या स्वयंपाकघरात आली आणि पिवळा पडदा उचलला. "हे काय आहे?" "खिडकी," मी म्हटलं. "कशाची?" "चहाची." ती हसली, पण लिहून घेतलं. मग तिने मला नीट समजावलं. तिकडे छप्पर नाही, ताडपत्री एका झोतात फाटेल, वारा तुझ्या घरात भरेल आणि बाहेर पडायला त्याला ही एकच वाट. तो इकडे घुसला की माझं छप्पर आतून उचलणार. तेव्हा एक तर विटा लावून बुजवा, नाहीतर दोन्ही तोंडांना जाड लाकडी झडपा बसवा, आणि तुझ्याकडच्या झडपेला तुझ्याच बाजूने भक्कम कडी हवी, कारण वारा तिकडून येणार. पुढच्या आठवड्याअखेर ती परत बघायला येईल. कड्या लागलेल्या दिसल्या तर वादळाचं संरक्षण चालू, नाहीतर ते कलम बाद.

ह्यांनी लगेच गवंड्याला बोलवायचं म्हटलं. मी सुताराला बोलावलं. त्याने सुरेख काम केलंय, तुझ्या नवऱ्याने गुळगुळीत केलेल्या कडांना धक्का लावला नाही. जाताना म्हणाला, "बाई, तिकडे राहत कोणी नाही, ती कडी लावणार कोण?" हे म्हणाले, चावी आहे की आपल्याकडे, ही जाऊन लावेल. बरोबरच आहे. त्यात काय अवघड?

परवा सकाळी गेले. अंगणातून वळसा घालून, तुझं दार उचलून उघडलं, ते अजून तसंच आहे, स्क्रू पुन्हा निघालेत. ताडपत्रीखाली सगळं निळसर दिसतं. तुझ्या ओट्यापाशी उभी राहिले, झडपेला हात घातला आणि लावायच्या आधी सवयीने आत डोकावले. इतकी वर्षं मी त्या खिडकीतून फक्त तुझ्याकडे बघितलं होतं. तुझ्या बाजूने माझ्याकडे कधी बघितलंच नव्हतं. आणि पडदेवाली, मला माझं घर दिसलं. नळाच्या मागे भिंत फुगलीये. छताचा कोपरा ओलसर झालाय, तो लिहायला हवा. खुर्चीचा एक पाय कागदाची घडी घालून टेकवलाय, तो मीच टेकवला असणार. टेबलाशी एकच खुर्ची ओढलेली, तीही या खिडकीकडे तोंड करून. आणि खिडकीच्या कठड्यावर दोन कप. मी रोज दोन ठेवते हे मला माहीत नव्हतं. तू रोज सकाळी हे बघायचीस तर. कडी हातात होती. ती लावली असती तर मीच मला बाहेर ठेवून दार लावल्यासारखं झालं असतं. मी ती तशीच सोडली आणि वळसा घालून घरी आले. ह्यांनी विचारलं, लावली का. मी म्हटलं, घट्ट बसतेय, तेल घालायला हवं.

म्हणून हे पत्र. गेल्या फोनवर तू ठेवता ठेवता विचारलंस, "खिडकीत पडदा आहे ना गं अजून?" मी हो म्हणाले, आणि तू फोन ठेवायची थांबलीस. त्या थांबण्यावर विसंबून विचारते. ये. राहायला ये असं नाही म्हणत, नात आहे, फ्लॅट आहे, मला कळतं. घर विकायचं म्हणतो तुझा मुलगा, तेही कळतं. पण तुझ्या घरातली कडी तू लावायची. मी तुझ्यासाठी पुष्कळ कागद भरलेत, एवढं एक काम माझ्याने होत नाही. ती तपासणीस परत यायच्या आत ये, आल्यावर आधी मला पायरीवर बसव, कानावर पेन्सिल ठेव आणि माझं घर एकदा बघ. मग अंगणातून वळसा घालून तुझ्याकडे जा आणि तुझ्या बाजूने कडी लाव, जोरात, मला ऐकू येईल अशी. मी इकडे कप घेऊन उभी असेन. तपासणीस बघून गेली की मी टकटक करीन. उघड.

तुझीच,
मास्तरीण